दोन बोटं माया

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
शाळेच्या फ्रॉकला दोन बोटं, पॅन्टला तीन.
जून ते जून पोरं ती खाऊन टाकतात.

माझ्या वहीत गावातली सगळी पोरं आहेत.
गावंडेचा थोरला एका उन्हाळ्यात चार इंच सुटला.
उईकेच्या जुळ्या, एक पुढं, एक मागं.
आणि आचल नगराळे, माझीच :
पहिली, वीस.
दुसरी, वीस.
तिसरी, साडेवीस.

मला वाटलं, टेप जुनी झाली.
जुनी टेप ताणते अन् माप कमी दाखवते.
दारव्ह्याहून नवी आणली.
नवीही तेच बोलली.

फ्रॉक काखेत विरला, उन्हानं उडाला,
खालची घडी उसवून पाहिली
तर आत तागा निळाशार, कालच फाडल्यासारखा.

लोक म्हणाले, बाप तरी कुठं ताडाचं झाड लागून गेला?
म्हणाले, चौकटीला लोंबकळू द्या वो तिले.
लोंबकळली महिनाभर, तळहात सोलेपर्यंत.
गॅदरिंगला दरवर्षी ससा.
चौथीत म्हणाली, बाबा, आता ससा नाही शिवायचा.

नागपूरला डाव्या हाताचा फोटो काढला.
पोरगी नऊ वर्षांची, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हाडं साडेपाचची.
मग उपाशीपोटी बसवलं, दर अर्ध्या तासाला रक्त,
माझ्या मांडीवर झोपून गेली, ओठ पांढरे.
मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते,
पोरं झोपली की ती त्यांना वाढवते.
हिची देत नाही.
मी विचारलं, आमचं काही चुकलं का, खाण्यापिण्यात?
नाही, म्हणाल्या.
मी पुन्हा विचारलं. मला ते दोनदा ऐकायचं होतं.

रोज रात्री एक सुई. आज उजवी मांडी, उद्या डावी.
तीस वर्षं सुईवर पोट भरलं
आणि पहिल्या रात्री हात असा थरथरला
की तिनंच मोजलं : एक, दोन, तीन, टोच ना बाबा.

औषध थंडीत ठेवायचं, पण गोठवायचं नाही.
गावात फ्रिज शकीलभाईचा, सोड्याच्या बाटल्यांचा.
दाराच्या कप्प्यात त्यानं तिची जागा केली,
वर चिठ्ठी : आचलचं आहे, हात लावू नये.
लाइट गेली की तो स्वतः बर्फ घेऊन यायचा,
अन् बोलता बोलता तिच्याकडं बघायचा,
वाढली का.

डॉक्टर सेंटिमीटरमध्ये बोलतात, मी इंचात ऐकतो.
पहिल्या वर्षी नऊ. म्हणजे साडेतीन इंच!
त्या दिवाळीत मी पहिल्यांदा तिची घडी सोडली,
इस्त्री फिरवली तरी जुनी रेघ जाईना.
दुसऱ्या वर्षी सात.
तिसऱ्या वर्षी दवाखान्यात औषधच आलं नाही, चार महिने.
मी तारखा टाकत राहिलो,
तारखांपुढं काही टाकता आलं नाही.

उशीर झाला होता, बाईंनी आधीच सांगितलेलं,
पुष्कळ वाढेल, सगळं नाही.
सोळाव्या वर्षी पुन्हा हाताचा फोटो.
हाडांच्या फटी मिटल्या होत्या.
चार फूट नऊ.
सुई बंद.
त्या रात्री दहा वाजता आम्ही दोघंही उगाच उठून बसलो.

कॉलेजचा ड्रेस बेतत होतो.
म्हणाली, आता माया नको सोडू, बाबा.
मी कात्री तशीच धरून राहिलो.
मग कापलं, रेघेवर.

या जूनला ती दुकानात माप घेते.
टेबलाजवळ पाटावर उभी राहून, कानाला पेन्सिल.
काल एक बाई आली, पोरगं बोटाला धरून, तिसरीतलं.
आचलनं खांद्यापासून टेप सोडली, आकडा लिहिला,
वहीची पानं मागं उलटली.
मागच्या जूनपर्यंत. त्याच्याही मागं.
टेप पुन्हा लावली.
मशीन थांबवून मी बघत होतो.

मावशी, ती म्हणाली,
हा किती वर्षांचा आहे?